खिळा काढायचा नाही

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कात्री पुन्हा गायब! प्रथमोपचाराच्या पेटीतली. बोथट टोकाची, मुद्दाम शोधून आणलेली — घोडा उसळला तरी त्याला टोचू नये म्हणून. सापडली कुठे? मॅनेजरच्या टेबलावर, बिस्किटाच्या पुड्याशेजारी. "जरा पुडा फोडायला घेतली." असा झाडला त्याला की बिस्किट हातातच राहिलं.

माझ्या पाठीमागे तबेल्यात मला पेटीबाई म्हणतात. ठाऊक आहे मला. म्हणोत बापडे. घोड्याच्या पायातून रक्त वाहायला लागलं की हेच सगळे "पेटीबाई, पेटीबाई" करत धावत येतात.

रविवारी नव्या शिकणाऱ्या मंडळींना पेटी दाखवायची आहे. म्हणून आज सगळी रिकामी करून पुसली. कापसाच्या गुंडाळ्या, जाळीचं कापड, चिकट बँडेज, मिठाचं पाणी, आयोडीन, पोटीस, टॉर्च, पक्कड, लहान बाळाचे डायपर. डायपर पाहून नवे लोक हमखास हसतात. हसू देत. घोड्याचं खूर बांधायला डायपरसारखी दुसरी चीज नाही. थर्मामीटरला दोरा आणि दोऱ्याला चिमटा — चिमटा शेपटीच्या केसांना लावायचा. मागे एकदा बिनदोऱ्याचा थर्मामीटर एका घोडीने आत ओढून घेतला आणि डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घालून तो बाहेर काढला. तेव्हापासून पेटी माझ्या ताब्यात आहे.

झाकणावरची पाटी पुसट झाली होती. ठसठशीत अक्षरात नवी लिहिली. खुरात खिळा दिसला तर काढू नका. घोड्याला हलवू नका. डॉक्टरांना बोलवा.

बाबांनी आज तुफानला नवे नाल ठोकले. बाबा म्हणजे माझे सासरे, या तबेल्याचे नालबंद. माझा नवरा जन्मायच्या आधीपासून. आणि तुफान हे नाव कुणी ठेवलं देव जाणे — बदकंसुद्धा त्याला मागे टाकून जातात. तो बाबांच्या मांडीवर पाय ठेवून झोपून घेतो. बाबा त्याच्याशी बोलत बोलत ठोकतात. "या हातानं आजवर एकाही जनावराला खिळा लागलेला नाही," हे चहाच्या वेळी पुन्हा एकदा ऐकवलंच. मी म्हटलं, "बाबा, आता पुरे करा की. बसा जरा घरात." तर म्हणतात, "हात सांगेल तेव्हा थांबेन, सूनबाई. तू सांगून नाही."

९ नोव्हेंबर, रविवार

काय केलं मी हे.

नीट लिहिते. निदान इथं तरी.

तुफानला मागच्या कुरणातून आणायला गेले. मंडळींना नाडी कशी बघतात ते त्याच्यावर दाखवणार होते, तो हलत नाही म्हणून. पेटी कडेवर. कुंपणाच्या कामाला आलेल्या माणसांनी गल्लीत फळ्यांचे तुकडे टाकलेत, तिथून आलो. कोपऱ्यावर तुफान थबकला. उजवा पुढचा पाय टेकेना. उचलून पाहिला तर नालाच्या आतल्या कडेला, टाचेकडे, खिळा. गंजका, कुंपणाचा. डोकं तेवढं बाहेर.

आणि मी पक्कड काढली आणि उपटला.

झाला. एका हिसक्यात. विचार असा केलाच नाही. लेकराच्या बोटात काटा गेला की आई काय करते? तसंच झालं. पण मी आई नव्हते ना तिथं — पेटीबाई होते! निघाल्यावर हातातल्या खिळ्याकडे बघत राहिले. करंगळीएवढा तरी होता. भोक बघायला वाकले तर ते मिटलेलं. खूर रबरासारखं मिटतं. म्हणूनच तर काढायचा नसतो! तो आत असला की डॉक्टरांना एक्स-रे काढून कळतं — कुठून गेला, किती आत, कुठल्या दिशेने. काढला की घाण आत आणि दार बंद. हे मी किती जणांना शिकवलंय.

बरं, उपटलास तर उपटलास. त्यालाही उपाय आहे. भोकाभोवती खूण करायची, खिळा जपून ठेवायचा, डॉक्टरांना लगेच फोन करायचा. मी काय केलं? कोपऱ्यापलीकडून मंडळींचा आवाज आला आणि मी खिळा भिंतीवरून पलीकडच्या नाल्यात फेकला. खुराला वरून आयोडीन फासलं. तुफानला ठाणात बांधला आणि पेटी घेऊन बोलायला उभी राहिले!

बोललेही छान. तेच तर. पाटीपाशी आले आणि म्हणाले, "हे एक वाक्य पाठ करा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल." एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांचं नाव आम्ही शंकासुर ठेवलंय. त्यांनी हात वर केला. "आणि चुकून काढला गेला तर?"

मी म्हटलं, "चुकून कसा निघेल? खिळा आहे तो, पिकलेला केस नाही."

सगळे हसले. मीही हसले.

१० नोव्हेंबर, सोमवार

चालतोय. किंचित जपून, पण चालतोय. डॉक्टरांना सांगावं का? चालतोय तर कशाला. उगीच बभ्रा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

खूर गरम लागलं. की माझाच हात गार होता?

मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवला. मॅनेजर म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, नेहमीचं." इतक्या सहज आलं तोंडातून.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी तीन पायांवर उभा. चौथा नुसता टोकावर टेकवलेला, थरथरत. अंगात ताप. गवताला तोंड लावलं नाही — तुफानने! मला बघून कान पुढे केले, नेहमीसारखे. ते कान मला बघवेनात.

पोटीस लावलं, वर डायपर, वर चिकट बँडेज, तळाला टेप. हात आपोआप चालत होते. मॅनेजर मागे उभा राहून म्हणाला, "बघा, हिच्यासारखं कुणाला जमत नाही."

डॉक्टर आल्या. उंच, तरुण, बोलायला मवाळ, पण डोळे सरळ रोखून बघतात. माझं सुबक बँडेज सोडलं, खूर चिमट्याने दाबत दाबत टाचेकडे आल्या आणि तुफानने पाय हिसडला.

"काही टोचलं होतं का हल्ली? खिळा, काच, तार?"

माझ्याकडे बघून विचारलं. दुसऱ्या कुणाला विचारणार? त्याला आणते-नेते मीच.

"नाही," मी म्हटलं. "मला तरी काही दिसलं नाही."

एवढंच. "मला तरी." हे शेपूट कशासाठी जोडलं? खोटं जरा कमी वाटावं म्हणून?

"नाल कधी ठोकला?"

तेव्हा मला कळलं हे कुठं चाललंय. शपथेवर सांगते, तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मॅनेजरने लगेच सांगितलं — शुक्रवारी. बाबांना बोलावलं. नाल त्यांनीच उतरवला, एकेक खिळा सोडवत. टाचेकडचा शेवटचा खिळा निघाला आणि त्याच्या भोकातून काळपट पू आला. माझ्या खिळ्याची जागा त्याच्या अगदी बाजूला होती. पू काय, जिथून वाट मिळेल तिथून बाहेर येतो.

बाबांनी पाहिलं. हातातला नाल तसाच धरून राहिले. "माझा खिळा?"

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "जिवंत भागाला लागला असेल, बाबा. होतं असं. कुणाकडूनही होतं."

"कुणाकडूनही होतं," बाबा म्हणाले. "माझ्याकडून झालं नव्हतं."

मी तिथंच होते. दोन हातांवर. तोंड उघडलं असतं तर पुरे होतं. मी पुढे होऊन काय केलं — घाण झालेलं बँडेज गोळा केलं! इतकी किळस मला स्वतःची आजवर कधी आली नव्हती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाबा सकाळपासून अंगणात. जाड फळी घेतली आहे आणि तीत नालाचे खिळे ठोकताहेत. ठोकायचा, वाकून बघायचा, उपटायचा, पुन्हा ठोकायचा. हात बघताहेत आपला. हलतो का, चुकतो का.

मी चहा घेऊन गेले. फळीवरची रांग पाहिली. दोरी धरून मारल्यासारखी सरळ. "बाबा, एकही वाकडा नाहीये."

"फळी ओरडत नाही ना," म्हणाले. "घोडा तरी कुठं ओरडला त्या दिवशी? मांडीवर पाय टाकून झोपला होता. माझ्या भरवशावर." चहा तसाच थंड झाला.

नवरा त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. नजर वयाच्या मानाने चांगली आहे म्हणे. बाबांना ते ऐकून अधिकच लागलं. नजर अधू निघाली असती तर दोष द्यायला काहीतरी मिळालं असतं!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तुफानचा ताप उतरत नाही. बाबा जेवले नाहीत. मी जेवले. दोनदा वाढून घेतलं. अशी मी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टर म्हणाल्या, टाचेकडून वाट करून दिली आहे, एव्हाना उतार पडायला हवा होता. कुठंतरी अजून कोंडलंय आणि कुठं ते कळत नाही. "हाडापर्यंत गेलं असेल तर मग त्याला उगीच हाल सोसायला लावू नये." मॅनेजरने मान हलवली. ही मान कशी हलते ते मी याआधी पाहिलंय. त्यानंतर ते ठाण रिकामं होतं.

मला माहीत होतं कुठं कोंडलंय. तिरका गेला होता खिळा, मधल्या मऊ भागाकडे. उपटताना हाताला कळलं होतं. जगात एकट्या मला ते ठाऊक होतं आणि मी झाडू मारत होते!

डॉक्टर गाडीपाशी पोचल्या तेव्हा धावले. म्हटलं, "एक सांगू? पाय शेकताना मला वाटतं, त्याला टाचेपेक्षा आत जास्त दुखतं. मधल्या भागाकडे. तिरकं आत. तिथं बघता का एकदा?"

थांबल्या. माझ्याकडे रोखून बघितलं. मला वाटलं झालं, कळलं यांना. खरंच वाटलं — आणि सुटल्यासारखंही वाटलं, देवा! पण त्या म्हणाल्या, "चला, बघू."

पाय बधिर करून तिथं उघडलं. काळं, घाण वास मारणारं पाणी आलं. पुष्कळ. तुफानने मोठा सुस्कारा टाकला. धुतलं, औषध भरलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. जे त्याला रविवारीच मिळायला हवं होतं.

"कसं सुचलं तुम्हाला?" डॉक्टर म्हणाल्या.

"अंदाज."

"अंदाज नाही, नजर आहे ही. घोडा वाचवलात तुम्ही."

अर्धं खरं बोलले आणि पूर्ण शाबासकी मिळाली. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले.

१६ नोव्हेंबर, रविवार

अर्ध्या खऱ्याने काय केलं ते आज कळलं.

डॉक्टर बाबांना समजावून सांगत होत्या. जखम आत तिरकी गेली आहे, म्हणजे खिळा नुसता जवळून गेला नव्हता, तो आतच वळला असणार. आणि नालाचा खिळा आत वळतो तो एकाच कारणाने. उलटा धरला तर. नालाच्या खिळ्याच्या टोकाला एका अंगाने उतार असतो, म्हणून तो ठोकताना बाहेरच्या बाजूला वळून निघतो. उलटा धरला तर आत शिरतो. शिकाऊ पोरं पहिल्या महिन्यात ही चूक करतात. बाबांनी नवऱ्याला लहानपणी हातोडी दिली तेव्हा आधी डोळे मिटून खिळे चाचपायला लावले होते — उतार कुठल्या अंगाला, बोटांनी सांग. नवऱ्याला ते काम काही जमलं नाही, पण उतार त्याला अजून अंधारातही सांगता येतो.

"उलटा," बाबा म्हणाले. "मी. उलटा."

डॉक्टरांचा काही दोष नाही. त्यांच्यापुढे जे ठेवलं त्यावरून त्यांनी जुळवलं. मी दिलेल्या अर्ध्यावरून. मी गप्प राहिले असते तर तुफान गेला असता. अर्धं बोलले तर बाबा गेले. पूर्ण बोलायला काय धाड भरली होती मला?

काय धाड भरली होती ते लिहू? मला पेटीबाई राहायचं होतं. बस. इतकं क्षुद्र कारण आहे. सगळ्यांच्या चुका पकडणारी बाई मी. कुणी ओल्या हाताने कापूस घेतला, मी बोलले. कुणी पट्टी जास्त आवळली, मी चारचौघांत सोडायला लावली. आता मी कुठल्या तोंडाने म्हणू की पाटी लिहून दोन दिवस झाले नाहीत तोवर मीच...

बाबा संध्याकाळी म्हणाले, "हाताने सांगितलं बरं का सूनबाई. तू म्हणत होतीस तेव्हाच ऐकायला हवं होतं." आणि हसले. माझी समजूत काढायला हसले!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नवा नालबंद येणार पुढच्या आठवड्यापासून. मॅनेजरने बाबांना अगदी मानाने सांगितलं — "थोडे दिवस विश्रांती घ्या." बाबा म्हणाले, "थोडे दिवस नको. कायमची घेतो."

आज शिकणारी मंडळी तुफानला बघायला आली होती. तो पाय टेकवून उभा. गवत खातोय. शंकासुर म्हणाले, "तुम्ही नसता तर हा नसता." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! ठाणाच्या दाराशी, मला! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक का म्हणतात ते कळलं. बाबा मागे उभे होते. त्यांनीही वाजवल्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज सांगते म्हटलं. नाही सांगितलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आधी नवऱ्याला सांगावं असं ठरवलं. त्याच्याशी बोलणं सोपं जाईल वाटलं. भांडी विसळत होता. मी म्हटलं, "अरे, बाबांचं ते..."

तो म्हणाला, "खरं सांगू? एका अर्थी बरंच झालं. किती वर्षं मागे लागलो होतो आपण. त्या वजनाच्या घोड्यांखाली वाकून वाकून कंबर गेली त्यांची. आता निदान घरात बसतील."

"पण असं थांबायला नको होतं रे. चूक करून."

"नको होतं," म्हणाला. मग बराच वेळ एकच वाटी विसळत राहिला. "काल मला म्हणाले, तू हातोडी उचलली नाहीस ते शहाणपणाचं केलंस. कधी वाटलं होतं का, बाबा असं म्हणतील? मला बरं वाटायला हवं होतं ना गं? नाही वाटलं."

त्याचे कान लाल झाले होते. रडू आवरताना होतात. आणि मला भीती वाटली. आता सांगितलं तर हा उद्यापासून माझ्याकडे कसा बघेल, याची. काळजी बाबांची नाही, माझी! पुन्हा माझीच. मी टेबल पुसायला घेतलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं.

दुपारी बाबा त्यांच्या शेडमध्ये होते. हत्यारांना तेल लावत होते — कानस, पक्कड, खूर तासायची सुरी — आणि एकेक कापडात गुंडाळत होते. हत्यार वापरायला पुसतात तेव्हा हात वेगळा चालतो आणि ठेवून द्यायला पुसतात तेव्हा वेगळा. मला तो हात बघवेना. दारातच उभी राहून म्हटलं, "बाबा, खिळा तुमचा नव्हता. कुंपणाचा होता. मी काढला."

मग थांबले नाही. गल्ली, फळ्या, पक्कड, हिसका, सगळं सांगितलं. मंडळींचा आवाज आला म्हणून फेकला, हेही. डॉक्टरांशी खोटं बोलले तेही. "मला तरी" हे शब्दसुद्धा सांगितले. उलटा खिळा वगैरे काही नाही, तुमचा प्रत्येक खिळा सरळच होता, मला आधीपासून ठाऊक होतं. तुम्ही फळीवर ठोकत होता तेव्हाही ठाऊक होतं.

बाबांनी हातातलं कापड बाजूला ठेवलं. संपल्यावर विचारलं, "खिळा कुठाय?"

"नाल्यात. मी काल जाऊन पाहिलं, पाण्याने वाहून गेलाय."

"हं."

"बाबा, मला बोला. काहीही बोला. हात उगारलात तरी चालेल."

ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू, नेहमीसारखे. जवळ आले आणि तेलकट हात माझ्या डोक्यावर ठेवला. "एवढं मनात घेऊन फिरत होतीस होय? वेडी कुठली."

"माफ केलंत?"

"माफ कसलं त्यात. जा, तोंड धू. लाल झालंय."

मी त्यांच्या पाया पडले. आयुष्यात इतकी मनापासून कधी पडले नव्हते. किती लहान केलं होतं मी त्या माणसाला, आणि तो केवढा मोठा निघाला! आता बाकी सगळ्यांना सांगणं काहीच नाही. मॅनेजर, डॉक्टर, शंकासुर. सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन. पेटीची किल्ली दुसऱ्या कुणाकडे देऊन टाकेन. हसले तर हसू देत.

नवऱ्याला सोमवारनंतर सांगेन. मॅनेजरला आधी, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी आज दाढी केली. इतक्या दिवसांनी! धुतलेला सदरा घातला, अंडं खाल्लं, पाव खाल्ला, "अजून एक दे" म्हणाले. मग काठी न घेता बाहेर पडले. "कुठं?" म्हटलं. "जरा तबेल्याकडे. मॅनेजरशी काम आहे."

कामावर परत येतो असं सांगायला गेले असणार. मला हसू आवरेना. शेड उघडून झाडून काढली, ऐरण पुसून ठेवली. परतले तेव्हा चेहरा शांत होता. मी काही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दुपारी घोरत झोपले. त्या घोरण्याचा एरवी किती राग येतो मला!

उद्या सांगायचं. शब्द ठरवून ठेवलेत. "मला तरी" नाही. "मी."

२४ नोव्हेंबर, सोमवार

मॅनेजरने मला बोलूच दिलं नाही. पहिलं वाक्य जेमतेम झालं होतं. उठून त्याने माझ्यापुढे खुर्ची ओढली. डोळे भरले होते त्याचे. म्हणाला, "बसा आधी. बाबा काल येऊन गेले. हत्यारं नव्या माणसाला देऊन टाका म्हणाले. आणि म्हणाले — माझी सून येईल, खिळा मीच काढला म्हणून सांगेल. ऐकून घ्या, तिचं मन मोडू नका. मला वाचवायला धडपडतेय बिचारी. पण खोटं बोलायची सवय नाही हो तिला, लगेच ओळखू येतं."